पेल्यावरील अक्षरे : इंग्रजी काचपात्रांवरील कोरीव लेख आणि गिरगावातील नाव घातलेली भांडी

१. प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, बखरी, दप्तरे आणि पत्रव्यवहार डोळ्यांसमोर येतात. यांतील बहुतेक साधने राजसत्ता, धर्मसंस्था किंवा महसूल यांच्याशी निगडित आहेत. घरातील माणसे रोज हाताळतात, ओठांना लावतात आणि जुनी झाली की मोडीत देतात, अशा वस्तूंवरील लेखनाकडे त्या मानाने फार कमी लक्ष गेले आहे. पिण्याच्या पात्रावर कोरलेली अक्षरे हे असेच एक साधन होय.

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून काचेच्या पेल्यांवर नावे, वर्षे, बोधवाक्ये आणि शुभेच्छा कोरल्या गेल्या. महाराष्ट्रात तांब्या, गडवा, फुलपात्र, पेला आणि लोटी यांवर ‘नाव घालण्याची’ प्रथा आजही सर्वांच्या परिचयाची आहे. या दोन प्रथा एकमेकींतून निघालेल्या नाहीत. एकीचे स्थान मेजवानीच्या मेजावर आणि मंडळाच्या बैठकीत, तर दुसरीचे माजघरात आणि रुखवतात. तरीही दोहोंमध्ये एक समान सूत्र आहे. पात्रावरील अक्षर वस्तूचे वर्णन करीत नाही. ते माणसामाणसांतील नाते नोंदविते. कोणी कोणाला दिले, कोण कोणाच्या बाजूचा, कोणाच्या पात्रातून कोणी प्यावे, हे त्या अक्षरांतून कळते.

प्रस्तुत निबंधात प्रथम इंग्रजी काचपात्रांवरील लेखांचे स्वरूप आणि त्यांच्या अभ्यासातून सिद्ध झालेली शिस्त पाहिली आहे. त्यानंतर मुंबईतील गिरगाव भागातील खोताची वाडी आणि तिचा परिसर यांच्या संदर्भात नाव घातलेल्या भांड्यांचा विचार केला आहे. काचेचा पेला आणि तांब्यापितळेचे भांडे या दोन पात्रपरंपरा ज्या वस्तीत शेजारी नांदल्या, तेथे हा विचार करणे अधिक फलदायी ठरते.

२. इंग्रजी काचपात्रांची घडण

सोळाव्या शतकापर्यंत इंग्लंडमधील उंची काच प्रामुख्याने व्हेनिसहून येई. १५७५ मध्ये राणी एलिझाबेथने जाकोपो व्हेर्झेलिनी या व्हेनिसच्या कारागिरास व्हेनिशियन पद्धतीचे पेले लंडनमध्ये बनविण्याचा एकवीस वर्षांचा परवाना दिला. त्याच्या कारखान्याशी जोडले जाणारे मोजकेच पेले आज शिल्लक आहेत. त्यांवर हिरकणीच्या टोकाने आद्याक्षरे, वर्षे आणि वेलबुट्टी कोरलेली आढळते. काहींवर परमेश्वरावरच सर्व विश्वास असल्याचे इंग्रजी बोधवाक्य आहे. विवाहप्रसंगी वधूवरांच्या नावांची आद्याक्षरे एकत्र कोरण्याची पद्धतही याच काळात दिसते. इंग्रजी काचेवरील लेखनाचा आरंभ अशा रीतीने विवाह आणि श्रद्धा या दोन विषयांपासून झाला.

१६७० च्या दशकात जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने शिसेयुक्त काच यशस्वीपणे तयार केली. ही काच जड, स्वच्छ आणि तेजस्वी असे. शिवाय ती तुलनेने मऊ असल्याने कोरणीच्या कामास सोयीची होती. फिरत्या तांब्याच्या चाकावर तेल आणि कुरुंदाची पूड लावून त्यावर पेला धरायचा आणि नक्षी उमटवायची, ही पद्धत अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रुळली. हिरकणीने ओरखडे काढून लिहिण्याची जुनी रीतही चालू राहिली. तिसरी रीत रंगीत वा पांढऱ्या मिन्याने लिहून पेला पुन्हा भट्टीत भाजण्याची होती. न्यूकॅसल येथील विल्यम बिल्बी हा १७६० व १७७० च्या दशकांत या कामासाठी विशेष प्रसिद्ध होता.

पेल्याच्या घडणीवर राज्याच्या करधोरणाचाही परिणाम झाला. १७४५ च्या कायद्याने काचेच्या कच्च्या मालावर वजनानुसार अबकारी कर बसविण्यात आला. जड दांड्याचे पेले महाग पडू लागले, तेव्हा कारागिरांनी हलके दांडे घडविले आणि वजनाची उणीव दांड्यातील पिळदार हवेच्या रेषांनी व पांढऱ्या धाग्यांनी भरून काढली. हा कर १८४५ मध्ये रद्द झाला. काचेचा एखादा पेला कोणत्या दशकातील आहे हे ठरविताना अभ्यासकास त्यावरील अक्षरांइतकाच दांड्याच्या घडणीचा आधार घ्यावा लागतो तो यामुळे. लेख आणि वस्तू यांची साक्ष एकत्र घ्यावी, हा या अभ्यासाचा पहिला धडा होय.

३. निष्ठा, व्यापार आणि शब्दांचा आडपडदा

अठराव्या शतकातील कोरीव पेल्यांपैकी सर्वांत अधिक चर्चा जॅकोबाइट पेल्यांची झाली आहे. १६८८ च्या क्रांतीत राजा दुसरा जेम्स याने सिंहासन गमावले. त्याच्या वंशजांना गादी परत मिळावी असे मानणारा पक्ष जॅकोबाइट या नावाने ओळखला जातो. १७४५ मध्ये राजपुत्र चार्ल्स एडवर्ड याच्या नेतृत्वाखाली या पक्षाने उठाव केला. एप्रिल १७४६ मध्ये कलोडन येथील लढाईत त्याचा पूर्ण पराभव झाला. हद्दपार राजघराण्याविषयी उघडपणे निष्ठा व्यक्त करणे राजद्रोह ठरत असल्याने ती निष्ठा खासगी बैठकांतील पेल्यांवर उतरली. गुलाबाचे फूल व त्याच्या कळ्या, ओकचे पान आणि लॅटिनमधील एखादा शब्द एवढेच त्यांवर आढळते. ‘फिआत’ म्हणजे ‘तसे होवो’ आणि ‘रेदेआत’ म्हणजे ‘तो परत येवो’. कोण परत येवो, हे मात्र लिहिलेले नसे. बैठकीतील माणसांना ते माहीत असे आणि बाहेरच्यांना सिद्ध करता येत नसे.

याच्या विरुद्ध बाजूचे पेलेही होते. राजा विल्यम याच्या १६९० मधील बॉइनच्या विजयाचे स्मरण करणारे पेले आयर्लंडमध्ये प्रचलित होते. मंडळांच्या बैठकांत वापरले जाणारे जाड बैठकीचे आखूड पेले शुभचिंतन झाल्यावर एकाच वेळी मेजावर आपटले जात. त्या आवाजात समूहाची एकजूट प्रकट होई. पेल्यावरील लेख एकट्याने वाचण्यासाठी नव्हता. तो दहा जणांनी एकत्र उच्चारण्याचा आणि पिऊन पक्का करण्याचा मजकूर होता.

तिसरा मोठा गट व्यापारी आणि नाविक पेल्यांचा. सप्तवार्षिक युद्धाच्या काळात शत्रूची जहाजे लुटण्याचा परवाना मिळालेल्या खासगी जहाजांना यश चिंतणारे पेले ब्रिस्टलसारख्या बंदरांत तयार झाले. व्हाइटहेवन या बंदरातील ‘किंग जॉर्ज’ या जहाजासाठी १७६३ मध्ये विल्यम बिल्बीने रंगविलेला एक मोठा चषक आज त्याच गावच्या संग्रहालयात आहे. व्हाइटहेवनच्या आफ्रिकी व्यापाराला यश लाभो, अशी शुभेच्छा त्यावर लिहिलेली आहे. आफ्रिकी व्यापार याचा त्या काळातील अर्थ गुलामांचा व्यापार असा होता. ब्रिटिश संसदेने तो १८०७ मध्ये बंद केला. पेल्यावरील वाक्यात मात्र गुलामाचा उल्लेख नाही. जहाजाचे सुबक चित्र, राजचिन्ह आणि एक शुभेच्छा एवढेच आहे.

जॅकोबाइट पेल्यावरील मौन भीतीपोटी आलेले होते, तर व्हाइटहेवनच्या चषकावरील मौन प्रतिष्ठेपोटी. पात्रावरील मजकूर शुभ प्रसंगाचा असतो आणि शुभ प्रसंगाची भाषा अडचणीचे शब्द गाळते. म्हणून अशा लेखाचे वाचन करताना लिहिलेल्या शब्दाइतकाच गाळलेला शब्द शोधावा लागतो. हा दुसरा धडा होय.

४. बनावट लेखांचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुने कोरीव पेले संग्राहकांच्या आवडीची वस्तू बनले आणि त्यांची किंमत वाढली. साध्या पेल्यापेक्षा लेख असलेल्या पेल्यास कितीतरी अधिक मोल येऊ लागल्यावर नव्याने लेख कोरण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. बोहेमियातून डब्लिनला आलेला फ्रान्झ टीझ (१८४२-१९३२) हा अत्यंत कुशल कोरणीकार होता. विल्यमपक्षीय आणि आयरिश स्वयंसेवक दलांचे म्हणून संग्रहांत मानाने ठेवलेले कितीतरी पेले प्रत्यक्षात याच्या हातचे आहेत, हे पीटर फ्रान्सिस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दाखवून दिले. त्यानंतर अनेक संग्रहांची पुन्हा तपासणी करावी लागली. १९९५ मध्ये जेफ्री सेडन यांनी जॅकोबाइट पेल्यांवरील कोरणीचा बारकाईने अभ्यास करून त्यांमागील निरनिराळ्या कारागिरांचे हात ओळखण्याची पद्धत मांडली. हस्तलिखितांच्या अभ्यासात लेखकाचे वळण जसे ओळखतात, तसेच काचेवरील पाकळीचे आणि अक्षराचे वळण ओळखता येते, हे त्यातून स्पष्ट झाले.

काचपात्रांच्या अभ्यासातून असे तीन नियम हाती येतात : वस्तूची घडण आणि लेख एकत्र तपासावेत, लेखात काय गाळले आहे ते पाहावे, आणि कोरणाऱ्याचा हात व वस्तूचा प्रवास यांची नोंद ठेवावी. हे नियम घेऊन गिरगावाकडे वळता येते.

५. खोताची वाडी : दोन पात्रपरंपरांचा शेजार

जगन्नाथ शंकरशेट मार्गावरील सेंट टेरेसा चर्चजवळच्या अरुंद गल्लीतून खोताच्या वाडीत प्रवेश होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू समाजातील खोत घराण्याकडे ही जमीन होती. तिचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले गेले आणि लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने व पुढच्या पडव्या असलेली घरे उभी राहिली. एकेकाळी अशी सुमारे ६५ घरे वाडीत होती. आज त्यांची संख्या तिसाच्या आत आली आहे. भोवताली गिरगावातील मराठी चाळी आणि थोड्या अंतरावर भुलेश्वर व पायधुनीच्या बाजारपेठा असा हा परिसर आहे.

पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला, परंतु मराठीची बोली आणि अनेक स्थानिक रूढी टिकवून असलेला हा समाज. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्याने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे धारण केले आणि त्याच वर्षी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. या समाजाच्या लग्नात विहिरीचे पाणी वाजतगाजत आणण्याचा विधी आहे, आणि त्याच लग्नात नवदांपत्याच्या नावे काचेचा पेला उंचावून शुभचिंतन करण्याची चालही आहे. वर्षभराचा मसाला काचेच्या बाटल्यांत ठासून ठेवण्याच्या रीतीमुळे ‘बॉटल मसाला’ हे नावच रूढ झाले. घागर आणि पेला, पाणी आणि मद्य, या दोहोंना एकाच घरात स्थान देणारी ही संस्कृती होय.

इंग्रजी काचेचे मुंबईतील आगमन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून झाले. युरोपीयांच्या मेजावर तिला मागणी होती. इंग्रजीतील ‘पंच’ या पेयाचे नाव पाच घटकांवरून, म्हणजे आपल्याकडील संख्यावाचकावरून आले असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे इंग्रज घरांतील मेजवानीचा एक प्रकारही हिंदुस्थानशी जोडलेला होता. पुढे ‘ग्लास’ हा शब्द मराठीत इतका मुरला की आज ‘स्टीलचा ग्लास’ म्हणताना कोणालाही त्यात विसंगती जाणवत नाही. काच गेली, आकार राहिला आणि नाव त्या आकाराला चिकटले.

काच हा विसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रात राजकीय विषयही बनला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना सुरू केला आणि १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. एकेक पैसा जमवून काच कारखाना काढावा असे वाटणे, यातच परदेशी काचेचे घराघरांतील प्रमाण आणि स्वदेशीची निकड या दोहोंची कल्पना येते. इंग्लंडमध्ये पेल्यावरील अक्षरांनी निष्ठा सांगितली. येथे काच कोठे बनली हाच निष्ठेचा प्रश्न ठरला.

६. पात्र, शुद्धी आणि पंक्तिभेद

मराठी हिंदू घरात मात्र काचेच्या पेल्याला दीर्घकाळ सोवळ्यात स्थान नव्हते. मनुस्मृतीत तांबे, कासे, पितळ इत्यादी धातूंची शुद्धी क्षार, आंबट द्रव्य आणि पाणी यांनी करावी असे सांगितले आहे. राख आणि चिंच यांनी भांडी घासण्याची घरोघरची रीत या विचाराशी जुळणारी आहे. मातीचे भांडे विटाळले की टाकावे आणि धातूचे घासून घ्यावे, अशा या व्यवस्थेत परक्या बनावटीच्या काचेला आणि चिनी मातीला जागा सापडणे कठीण होते.

पिण्याचे पात्र हा म्हणूनच सामाजिक सीमारेषेचा प्रश्न होता. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव आणि जातीबाहेरच्या हातचे पाणी घेणे ही कसोटी मानली जाई. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये अनेक प्रतिष्ठितांनी चहाबिस्किटे घेतल्याचा बोभाटा झाला. त्यात टिळक आणि रानडे यांचीही नावे होती. हे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे गाजला. ज्यांना पात्राला स्पर्शच नव्हे, तर पाणवठ्याजवळ जाण्याचाही हक्क नव्हता, त्यांचा प्रश्न याहून कितीतरी मूलभूत होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला आणि तो प्रत्यक्षात यावा यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले.

या पार्श्वभूमीवर खोताच्या वाडीतील शेजार पाहिला की त्याचे मोल कळते. एकाच गल्लीच्या अंतरावर काचेचा पेला उंचावणारी आणि काचेचा पेला टाळणारी घरे होती. भांड्यावरील नाव हे मालकीची खूण तर होतेच. पण हे पात्र कोणत्या घरचे आणि कोणत्या पंक्तीचे, याचाही ते निर्वाळा देत होते.

७. नाव घातलेली भांडी

मुंबईत तांब्यापितळेच्या भांड्यांची जुनी पेठ पायधुनीजवळ आहे. तांबे तोलण्याच्या काट्यावरून त्या भागास ‘तांबाकाटा’ हे नाव पडले. पुण्यात पेशवाईत वसलेली तांबट आळी याच व्यवसायाची. गिरगावातील लग्नघरांची खरेदी अशा बाजारांत होई आणि भांडे घेतले की त्यावर नाव घालून घेण्याची सोय तेथेच असे. कारागीर बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन बसे. एकामागून एक ठोके देत तो ठिपक्यांची ओळ उमटवी आणि त्या ओळीतून देवनागरी अक्षर तयार होई. १९६० नंतर स्टेनलेस स्टीलची भांडी प्रचारात आली, तसे छिन्नीच्या जागी विजेवर चालणारे कोरणीयंत्र आले. ठिपक्यांचे अक्षर जाऊन सलग, थरथरत्या रेषेचे अक्षर दिसू लागले. यामुळे केवळ अक्षराच्या घडणीवरून भांड्याचा ढोबळ काळ सांगता येतो. इंग्रजी पेल्याचा काळ ठरविताना दांड्याच्या पिळाला जे महत्त्व आहे, तेच येथे ठिपक्याला आहे.

या लेखांचा मजकूर ठरावीक साच्याचा असतो. एका प्रकारात केवळ नाव किंवा आडनाव असते. भांडी शेजारीपाजारी आणि कार्यप्रसंगी उसनी जात, तेव्हा ती परत ओळखता यावीत हा त्याचा हेतू. दुसऱ्या प्रकारात ‘चि. सौ. कां.’ म्हणून वधूचे नाव, देणाऱ्याचे नाव, ‘यांजकडून सप्रेम भेट’ हे शब्द आणि तारीख असते. तिसऱ्या प्रकारात ‘कै.’ असा उल्लेख करून एखाद्याच्या स्मरणार्थ भांडे दिलेले असते. चौथा प्रकार हळदीकुंकवाच्या वाणाचा. पेल्याच्या काठाखाली जागा थोडी, म्हणून संक्षेपांचा वापर अपरिहार्य होतो. मात्र संक्षेपांतही नात्याचा क्रम सुटत नाही : आत्या, मामा, काका, शेजारी, कचेरीतील सहकारी असे देणाऱ्यांचे एक संपूर्ण वर्तुळ एका लग्नातील भांड्यांवरून उभे करता येते.

यांपैकी दुसऱ्या प्रकाराचे ऐतिहासिक मूल्य विशेष आहे. महाराष्ट्रातील रूढीप्रमाणे लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते आणि अनेक घराण्यांत पाळण्यातले नावही बदलते. शिधापत्रिका, मतदारयादी, बँकेचे पुस्तक या सर्वांत पुढे तिचे सासरचे नाव येते. शाळेचा दाखला नसलेल्या पिढीतील स्त्रीचे माहेरचे नाव लेखी स्वरूपात टिकण्याच्या जागा फारच थोड्या होत्या. लग्नात माहेरच्यांनी दिलेल्या भांड्यावर मात्र ते नाव कोरलेले असते, कारण भांडे लग्नाआधी घेतलेले असते. त्याच घरात पुढे ‘सौ.’ म्हणून मिळालेल्या भांड्यावर तिचे नवे नाव येते. एका फळीवरची दोन भांडी एकाच स्त्रीची दोन नावे सांगतात. कुटुंबाच्या वंशावळीत जेथे ‘पत्नी’ एवढाच शब्द असतो, तेथे तांब्यावर एक व्यक्ती आपल्या नावानिशी उभी असते.

या अक्षरांचे मूल्य भावनेपुरते नाही. लग्नात स्त्रीला मिळालेल्या भेटी हे तिचे स्त्रीधन होय. १९८५ मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर पत्नीचाच हक्क असल्याचे आणि ते पतीने बळकावल्यास विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकत असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ खाली झालेल्या नियमांनी वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवणे आवश्यक केले. त्या यादीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते यांची नोंद अपेक्षित आहे. किंमत सोडली, तर यांतील जवळजवळ सर्व तपशील भांड्यावर नाव घालण्याच्या प्रथेत पूर्वीपासून येत होता. कायद्याने कागदावर जी यादी मागितली, ती समाजाने आधीच धातूवर लिहिली होती.

मात्र व्हाइटहेवनच्या चषकाने शिकविलेली सावधगिरी येथेही बाळगली पाहिजे. ‘सप्रेम भेट’ या शब्दांच्या आड प्रत्येक वेळी प्रेमच होते असे मानता येत नाही. मागणी करून घेतलेली भांडी आणि स्वखुशीने दिलेली भांडी यांवरील मजकूर एकच असतो. शुभ प्रसंगाची भाषा येथेही अडचणीचा शब्द गाळते.

८. झीज, मोड आणि नोंद

इंग्रजी पेला फुटतो. पण फुटला नाही, तर त्यावरील अक्षर शतकानुशतके तसेच राहते. तांब्यापितळेचे भांडे फुटत नाही. पण त्यावरील अक्षर रोज झिजते. ज्या राखेने आणि चिंचेने भांडे शुद्ध मानले गेले, त्याच घासण्याने त्यावरील नावही पुसट केले. शुद्धीची रीत आणि स्मृतीची नोंद यांचा असा परस्परविरोध भांड्याच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष दिसतो.

याहून मोठा नाश मोडीमुळे झाला आहे. स्टीलच्या आगमनानंतर जुनी पितळी भांडी वजनावर देऊन नवी घेण्याची लाट आली. मोडीच्या काट्यावर अक्षरांना वजन नसते. इंग्लंडमध्ये लेखामुळे पेल्याची किंमत वाढली, इतकी की बनावट लेख तयार झाले. येथे लेख असलेल्या आणि नसलेल्या भांड्याला किलोमागे एकच दर मिळाला. यामुळे येथे बनावट लेखांचा प्रश्न फारसा उद्भवला नाही. परंतु अस्सल लेख मात्र भट्टीत गेले. ज्या वस्तूला बाजारात मोल नसते, तिची साक्ष अनेकदा अधिक निर्मळ असते आणि तीच आधी नष्ट होते.

महाराष्ट्रात घरगुती वस्तूंच्या संग्रहाची परंपरा आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे, अडकित्ते आणि भांडी हे तिचे उत्तम उदाहरण. डॉ. दि. गं. केळकर यांनी १९७५ मध्ये आपला संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. तथापि अशा संग्रहांत घडणीचे सौंदर्य ही स्वाभाविकच पहिली कसोटी असते. नाव घातलेले साधे फुलपात्र सौंदर्याच्या कसोटीवर टिकणारे नाही. ते संग्रहालयात नेण्यापेक्षा त्याची नोंद करणे अधिक आवश्यक आणि शक्य कोटीतील आहे.

ही नोंद करण्यास महाविद्यालये योग्य स्थानी आहेत. इतिहास, मराठी, समाजशास्त्र आणि विधी या शाखांच्या विद्यार्थ्यांना आपल्या घरातील व शेजारातील भांड्यांवरील लेख उतरवून घेता येतील. भांड्याचा प्रकार आणि धातू, अक्षर ठिपक्यांचे की रेषेचे, लिपी देवनागरी, गुजराती की रोमी, कालगणना शके की इसवी सन, देणारा व घेणारा यांचे नाते आणि ते भांडे आजच्या घरात कसे आले, एवढ्या बाबी टिपल्या तरी पुरेशा आहेत. व्यक्तींची नावे प्रसिद्ध करताना कुटुंबाची संमती घ्यावी लागेल, हे ओघानेच आले.

९. समारोप

इंग्रजी काचपात्रांवरील लेख आणि गिरगावातील नाव घातलेली भांडी यांची तुलना करता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पिण्याच्या पात्रावरील अक्षर हा नात्याचा दस्तऐवज आहे. इंग्लंडमध्ये ते नाते प्रामुख्याने बैठकीतील पुरुषांचे, पक्षाचे आणि व्यापाराचे होते. येथे ते कुळाचे, शेजाराचे आणि लग्नाचे आहे. दुसरी, शुभ मजकूर जितके सांगतो तितकेच झाकतो. म्हणून त्याचे वाचन इतर साधनांच्या जोडीनेच करावे लागते. तिसरी, इंग्लंडमधील लेख संग्राहकांच्या हौसेमुळे टिकले आणि त्याच हौसेमुळे संशयास्पदही झाले, तर येथील लेख दुर्लक्षामुळे अस्सल राहिले आणि त्याच दुर्लक्षामुळे नाहीसे होत आहेत.

खोताच्या वाडीच्या वारशाविषयी बोलताना सज्जे, जिने आणि कौलारू छपरे यांचा उल्लेख होतो. तो आवश्यकच आहे. परंतु घर रिकामे होते तेव्हा सर्वांत आधी बाहेर पडते ते स्वयंपाकघरातील सामान. इमारतीचा आराखडा नगरपालिकेच्या कागदांत सापडू शकतो. भांड्यावरील नावाची दुसरी प्रत नसते. वास्तूंच्या जतनाबरोबरच त्या वास्तूंतील फळ्यांवरच्या अक्षरांची नोंद झाली, तर ज्या स्त्रियांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, त्यांना इतिहासात आपल्या नावाने प्रवेश मिळेल.